मुलीच्या फोटोवरून ब्लॅकमेल होतंय, कायदा खरंच कामाला येतो का? थोडं सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकीचं समजलं असेल तर तुम्ही सांगाल आणि नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कांदिवलीला राहता, मुलगी १४ वर्षांची, नववीत. इन्स्टाग्रामवर एकाशी ओळख झाली, तो म्हणे ठाण्याचा कॉलेजचा मुलगा, दोन-तीन महिने गप्पा, मग त्याने फोटो मागितले, तिने पाठवले, आणि आता तो म्हणतोय की व्हिडिओ कॉलवर ये आणि पाच हजार पाठव, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो. मिस्टरांचं म्हणणं की अकाउंट डिलीट करा, सिमकार्ड बदला, विषय संपवा, पोलिसांत गेलो तर पोरीचंच नाव खराब होईल. आणि तुम्ही शेवटी विचारलंय की आपल्याकडे यावर कायदा तरी आहे का, की ऑस्ट्रेलियासारखी मुलांच्या सोशल मीडियावर सरळ बंदीच आणायला हवी.

मी मुंबईत वकिली करते, कामाचा मोठा भाग पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचा, दिंडोशी आणि फोर्टच्या सेशन्स कोर्टात, मुलांच्या बाजूने. पोक्सोच्या कलम ४० मध्ये कुटुंबाला स्वतःचा वकील ठेवायचा हक्क दिलाय, केस सरकारी वकीलच चालवतात पण आम्ही मुलाच्या वतीने सोबत उभे राहतो. त्यामुळे खाली जे लिहितेय ते त्या बाजूने बघून लिहितेय. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे कुठे काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

कायद्याच्या आधी एक गोष्ट. आजपासून काही दिवस मुलीला एकटं सोडू नका, रात्री तिच्या खोलीत झोपा. अशा धमक्यांत मुलं स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्यापर्यंत जातात, आणि त्यामागे धमकीइतकीच घरच्यांना कळल्यावर काय होईल ही भीती असते. तिला स्पष्ट शब्दांत सांगा की तू गुन्हा केलेला नाहीस, त्याने केलाय, आणि आम्ही तुझ्या बाजूने आहोत. हे वाक्य वडिलांच्या तोंडून ऐकायला मिळालं तर फार फरक पडतो, म्हणून मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. मन मोकळं करायला कोणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही चालू आहे.

आता मुद्द्यावर येते. कायदा आहे का, याचं उत्तर हो, आहे, आणि कमी नाही. माझ्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये अडतं ते दुसरीकडेच. पहिल्या दोन दिवसांत घरच्यांनी घाबरून पुरावा घालवलेला असतो, आणि मुलीला इतकं बोललेलं असतं की ती पुढे पोलिसांसमोर अर्धंच सांगते. अकाउंट डिलीट करायचा उपाय नेमकी हीच दोन नुकसानं एकत्र करतो, चॅट जातं आणि मुलीला संदेश जातो की जे झालं ते लपवण्यासारखं होतं. आणि त्या माणसाकडचे फोटो तर तसेच राहतात.

कायदा नेमका काय म्हणतो ते सांगते, कलमांचे आकडे लिहून ठेवा कारण पोलीस ठाण्यात ते उपयोगी पडतील. पोक्सो कायदा २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू, १८ वर्षांखालचं कोणीही त्यात बालक, मुलगा असो की मुलगी. कलम ११ मध्ये लैंगिक छळाची व्याख्या आहे आणि त्यात मुलाच्या शरीराचा खरा किंवा बनावट फोटो-व्हिडिओ वापरण्याची नुसती धमकी देणं हाच गुन्हा धरलाय, म्हणजे त्याने अजून कुठे टाकलेलं नसलं तरी गुन्हा झालेला आहे. कलम १२ खाली त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा. पुढे कलम १३ आणि १४, म्हणजे मुलाचा अश्लील कामासाठी वापर करणं, मग ते फक्त स्वतःपुरतं असलं तरी, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर यात पहिल्याच गुन्ह्याला कमीत कमी ५ वर्षं आहेत. तिच्याकडून फोटो काढून घेणं आणि आता व्हिडिओ कॉलसाठी दबाव टाकणं या कलमात बसतं असं माझं मत आहे आणि मी तशीच मांडणी करते. त्याच्या जोडीला आयटी अ‍ॅक्टचं, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब, मुलांचं असं साहित्य बनवणं, गोळा करणं, पाठवणं आणि मुलांना ऑनलाइन संबंधात ओढणं, सगळं त्यात येतं, पहिल्या वेळेला ५ वर्षांपर्यंत आणि १० लाखांपर्यंत दंड. हे कलम लागलं की तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो, त्याचा फायदा होतो. आणि पैसे मागितलेत म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, खंडणीचं.

आणि फोटो त्याने एआयने बनवलेला किंवा चेहरा चिकटवलेला असता तर? मला हे सध्या फार विचारतात म्हणून लिहिते. २०१९ च्या दुरुस्तीत जी व्याख्या घातली तिच्यात संगणकावर तयार केलेलं, खऱ्या मुलापासून वेगळं ओळखता न येणारं चित्र आणि फेरफार करून मुलासारखं दाखवलेलं चित्रही धरलंय. त्यामुळे ‘हा फोटो तिचा नाहीच’ म्हणून आरोपी सुटत नाही.

आता तुम्ही सरळ विचारला नाहीत पण ओळींमध्ये दिसतोय तो प्रश्न, की फोटो तिने स्वतः पाठवले मग तीच अडकणार नाही ना. प्रत्यक्षात अशा प्रकरणात मुलीला पीडित म्हणूनच धरलं जातं, पोक्सोची सगळी रचनाच तशी आहे, आणि तिची संमती होती हा बचाव १८ वर्षांखाली चालतच नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर आपल्या कायद्यात ‘स्वतःचाच फोटो पाठवणाऱ्या मुलावर गुन्हा लागणार नाही’ असं एक स्वच्छ वाक्य कुठेही नाही, ६७ ब ची भाषा तर इतकी रुंद आहे की कागदावर ती कोणालाही लागू शकेल. हे वाक्य कायद्यात यायला हवं असं मला फार मनापासून वाटतं, कारण याच भीतीपोटी मुलं महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाहीत आणि ब्लॅकमेल करणारा नेमकं हेच सांगून घाबरवतो की पोलिसांत गेलीस तर तूच आत जाशील.

पुराव्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे काम आज घरी बसून तुमच्याच हातात आहे.

मुलीचा फोन घ्या, पण हिसकावून घेऊ नका, तिच्या शेजारी बसून करा. अकाउंट डिलीट करायचं नाही, चॅट डिलीट करायचं नाही, त्याला ब्लॉकसुद्धा लगेच नाही. आधी त्याचं प्रोफाइल उघडा. वर जे ठळक नाव दिसतं त्याचा काही उपयोग नाही, ते कोणीही केव्हाही बदलतं, खालचं यूजरनेम अक्षरन्‌अक्षर कागदावर उतरवा, त्यात बऱ्याचदा एल आणि आय किंवा शून्य आणि ओ असे फसवे असतात म्हणून लिंक कॉपी करूनही ठेवा. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत ‘अबाउट धिस अकाउंट’ असा पर्याय मिळाला तर त्यात अकाउंट कधी उघडलं, कुठल्या देशातलं दिसतंय, कधीकधी जुनी यूजरनेम सुद्धा असतात, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मग चॅट पहिल्या मेसेजपासून वर जाऊन, तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट, आणि वरची पट्टी कापायची नाही. एका केसमध्ये आईने सगळे स्क्रीनशॉट नीट क्रॉप करून, छान फोल्डर करून आणले होते, पण कापताना ज्यावर अकाउंटचं नाव असतं तोच भाग गेला होता, त्या चित्रांवरून कोण कोणाला लिहितंय हेच कळत नव्हतं. मूळ चॅट फोनमध्ये होतं म्हणून निभावलं. मेसेज आपोआप गायब होणारे असतील तर दुसऱ्या फोनने समोरून व्हिडिओ घ्या. पैशांसाठी त्याने यूपीआय आयडी, क्यूआर कोड किंवा नंबर पाठवला असेल तर तो सोन्यासारखा जपा, इन्स्टाच्या खोट्या अकाउंटमागे लपता येतं पण यूपीआयमागे कुठेतरी बँक खातं असतंच. पैसे मात्र पाठवू नका, दिले की थांबतो असा माझा अनुभव अजिबात नाही, आकडा वाढतो. आधीच पाठवले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तिच्या फोटोंचे स्क्रीनशॉट काढू नका आणि ते कोणालाही फॉरवर्ड करू नका, मामाला नाही, ओळखीच्या हवालदाराला नाही, मला पण नाही. हे साहित्य पुढे पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पोक्सोच्या कलम १५ मध्ये तक्रार करण्यासाठी किंवा कोर्टात पुरावा म्हणून बाळगायला सूट आहे, पण ती सूट नातेवाइकांच्या ग्रुपला नाही. फोटो चॅटमध्ये जिथे आहेत तिथेच राहू द्या आणि पोलिसांना फोनवरच दाखवा. घरच्यांनी मदत म्हणून पाठवलेला फोटो पुढे भलतीकडे पोचल्याचं मी पाहिलंय आणि तेव्हा मुलीला जे वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही.

इतकं झालं की इन्स्टाग्रामवर ते अकाउंट रिपोर्ट करा, लहान मुलाचं लैंगिक शोषण असा पर्याय निवडून, आणि मग ब्लॉक करा. या रिपोर्टचा अर्थ फक्त अकाउंट बंद होणं इतकाच नसतो. अमेरिकेतल्या कंपन्यांना तिथल्या कायद्याने अशी प्रकरणं एनसीएमईसी नावाच्या, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवावीच लागतात आणि त्यासंबंधीचा डेटा वर्षभर जपून ठेवावा लागतो, आधी ९० दिवस होते, २०२४ मध्ये वाढवले. २०१९ च्या करारामुळे अशा टिप्स एनसीआरबीमार्फत, म्हणजे आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत, भारतात यायला लागल्या आणि तिथून राज्यांच्या पोलिसांकडे. कधीकधी रिपोर्ट केल्यावर मुलीचंच अकाउंट बंद पडतं कारण फोटो तिच्या चॅटमध्येही असतो, म्हणून आधी पुरावा आणि मग रिपोर्ट हा क्रम सोडू नका.

फोटो पसरू नयेत म्हणून दोन गोष्टी. पहिली, ‘टेक इट डाउन’ नावाची त्याच एनसीएमईसीची मोफत सेवा आहे, १८ वर्षांखालच्या मुलांच्या फोटोंसाठी. त्यात फोटो अपलोड होत नाही, फोनमध्येच त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तेवढाच कंपन्यांना जातो, मग इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा सामील कंपन्या तो फोटो आला तर ओळखून काढतात. व्हॉट्सअ‍ॅपवर याचा उपयोग नाही कारण तिथले मेसेज कंपनीला दिसत नाहीत. दुसरी, २०२१ च्या आयटी नियमांत असे खासगी किंवा मॉर्फ केलेले फोटो, ज्याचे आहेत त्याने किंवा त्याच्या वतीने कोणीही तक्रार केली की काढायचं बंधन कंपन्यांवर घातलंय, आधी २४ तासांची मुदत होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती २ तासांवर आणलीय. मुलीच्या वतीने तुम्ही तक्रार अधिकाऱ्याला मेल करू शकता, मेलमध्ये लिंक द्या, फोटो जोडू नका.

थोडक्यात क्रम असा झाला: मुलीजवळ बसा, पुरावा घ्या, फोटो फिरवू नका, रिपोर्ट, ब्लॉक, टेक इट डाउन. हे सगळं एका संध्याकाळी होतं. त्यानंतर पोलीस.

पोलिसांत जायचं की नाही यावर तुमच्या घरात वाद आहे तर आधी हे माहीत असू द्या की पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं ज्याला कळलंय त्याने कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे, मूल सोडून सगळ्यांना. शाळेच्या समुपदेशक बाईंना सांगितलंत तर त्यांनाही कळवावंच लागेल, शाळेने दाबून ठेवलं तर संस्थेच्या प्रमुखाला वर्षभरापर्यंत शिक्षा आहे. सक्तीच्या या तरतुदीवर आमच्या क्षेत्रात मतभेद आहेत, काही मुलं केवळ यामुळे कोणालाच सांगत नाहीत ही बाजू मला मान्य आहे. पण तुमच्या प्रकरणात अनोळखी माणूस आहे, धमकी चालू आहे, पैसे मागतोय, इथे मला शंका नाही, कळवा. अशी माणसं एका मुलीवर थांबत नाहीत.

नाव बाहेर येईल का? ही भीती सगळ्यांना असते आणि कायद्याने इथे बरंच केलंय. कलम २३ प्रमाणे मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही माध्यमांत छापायला बंदी आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत. एफआयआर वेबसाइटवर टाकायचा नियम सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये केला तेव्हाच लैंगिक गुन्हे आणि पोक्सोचे एफआयआर त्यातून वगळले, त्यामुळे तो ऑनलाइन कोणाला दिसणार नाही. निकालपत्रातही नाव येत नाही.

मुलीला पोलीस ठाण्यात बसवतील का? कलम २४ म्हणतं की जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा, आणि मुलाला कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. हे होतं का? होतं, पण मागावं लागतं. एका घरी जबाब होता तेव्हा पीएसआय मॅडम साध्या पंजाबी ड्रेसवर आल्या होत्या, चपला बाहेर काढून मुलीबरोबर पलंगावर बसल्या आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसतं तिच्या ड्रॉइंगच्या वहीबद्दल बोलत होत्या. मुलगी आईसमोर एक शब्द बोलत नव्हती, मॅडमनी आईला स्वयंपाकघरात जायला सांगितलं, मला दाराशी बसवलं, आणि मग जो जबाब आला त्यात घरच्यांनाही माहीत नसलेली गोष्ट निघाली, की तो माणूस तिला दुसऱ्या एका अकाउंटवरूनही लिहीत होता. पुढे तपासात तेच अकाउंट उपयोगी पडलं. तेव्हा मुलीला तुमच्यासमोर बोलायचं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, कायद्यात तिच्या विश्वासाची दुसरी व्यक्ती चालते, मावशी, शिक्षिका, कोणीही.

यानंतर मॅजिस्ट्रेटसमोर जबाब होतो, ज्याला आम्ही अजून सवयीने १६४ चा म्हणतो पण आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८३ आहे. पोलीस २४ तासांत बालकल्याण समितीला कळवतात, त्याला घाबरू नका, मुलगी स्वतःच्या आईवडिलांकडे सुरक्षित आहे म्हटल्यावर तिला कुठे नेऊन ठेवत नाहीत, उलट समितीकडून तिला सोबत करणारी सपोर्ट पर्सन मागता येते. तुमच्या प्रकरणात प्रत्यक्ष भेट झालेली नसेल तर वैद्यकीय तपासणीचा प्रश्न सहसा येत नाही, आणि आला तरी संमतीशिवाय होत नाही. भेट झाली होती का हे मात्र मुलीला शांतपणे विचारा, कारण उत्तर हो असेल तर कलमं आणि पुढचं सगळं बदलतं.

कोर्टात साक्ष बंद दाराआड होते, आरोपी तिला दिसणार नाही अशी सोय करावी लागते, बचाव पक्षाचे वकील तिला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. कायदा म्हणतो की खटला शक्यतो एका वर्षात संपवा. मुंबईत बहुतेक वेळा त्याहून बराच वेळ लागतो, हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.

माणूस सापडेल का, हे खरोखर परिस्थितीवर आहे. पोलीस कंपनीला पत्र लिहितात, कंपनीकडून लॉगिनचे आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेट जोडणीचे पत्ते, येतात, ते मोबाइल कंपनीकडे जातात. इथे एक बारीक गोष्ट अडते, मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी एकाच वेळी खूप ग्राहक वापरत असतात, त्यामुळे आयपीबरोबर पोर्ट नंबर आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि कंपन्यांनी दिलेली वेळ यूटीसी या आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवल्याशिवाय पुढे पत्र गेलं तर भलत्याच ग्राहकाचं नाव येतं. चांगला आयओ, म्हणजे तपास अधिकारी, हे न सांगता करतो. तो माणूस भारतात असेल आणि त्याने यूपीआय किंवा फोन नंबर दिला असेल तर सापडायची शक्यता चांगली. परदेशात असेल तर देशादेशांतल्या मदतीच्या करारातून जावं लागतं आणि त्याला महिने जातात, तिथे मी कोणाला आशा लावत नाही, पण फोटो काढून टाकणं आणि अकाउंट बंद करणं तरीही होतं. आणि तो खरंच सोळा-सतरा वर्षांचा निघाला, जे होतं, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल, तिथे भर सुधारण्यावर असतो, तुम्हाला कदाचित ते कमी वाटेल पण मला ते योग्य वाटतं.

मुलीचा फोन पोलीस पंचनामा करून मुद्देमाल म्हणून जमा करतील आणि तो कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला जाईल, तिथून परत यायला खूप वेळ लागतो. म्हणून देण्याआधी तिचा अभ्यास, वह्यांचे फोटो, नंबर दुसरीकडे घ्या. फोन लवकर परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करता येतो, डेटाची कॉपी घेऊन झाली की बऱ्याचदा मिळतो. स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ज्याला ६५ ब म्हणायचे ते, ते वकील किंवा आयओ सांगेल तसं करा.

आता तुमचा बंदीचा प्रश्न. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला मनाई केली, आणि दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. जबाबदारी कंपनीवर टाकली हा भाग मला पटतो. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे, दंड २०० कोटींपर्यंत, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. पण तो डेटाचा कायदा आहे, ब्लॅकमेलचा नाही.

नुसत्या बंदीने तुमच्या मुलीचा प्रश्न सुटला असता असं मला वाटत नाही. असे लोक गेमच्या चॅटमध्ये असतात, टेलिग्रामवर असतात. आणि जिथे असायलाच मनाई आहे तिथे काही घडलं तर मूल घरी सांगायला आणखी घाबरेल, ब्लॅकमेलरच्या हातात अजून एक धमकी जाईल. मला विचाराल तर आपल्याकडे वेगळ्या गोष्टी हव्यात. स्वतःचा फोटो पाठवणाऱ्या मुलाला पूर्ण अभय देणारं कलम हवं, त्याबद्दल वर लिहिलंय. ब्रिटनने २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्यात केलं तसं मुलांना धोका होईल अशी रचना टाळण्याचं कायदेशीर कर्तव्य कंपन्यांवर हवं, म्हणजे अनोळखी मोठ्या माणसाला चौदा वर्षांच्या मुलीला थेट मेसेज टाकताच येणार नाही अशी सोय मुळातच असायला हवी, तक्रारीनंतर नाही. आणि फॉरेन्सिक लॅबला माणसं आणि मशिनं हवीत, कारण शिक्षा कितीही वाढवा, रिपोर्टच आला नाही तर खटला पुढे सरकत नाही.

कोर्टांनी मात्र बाजू घट्ट केलीय. २३ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने मद्रास हायकोर्टाचा निकाल रद्द केला, ज्यात असं साहित्य नुसतं डाउनलोड करून बघणं गुन्हा नाही म्हटलं होतं. आता असं काही हाती आलं आणि डिलीटही केलं नाही, कळवलंही नाही, तर त्या वागण्यावरूनच पुढे पाठवायचा इरादा होता असं धरता येतं. तुमच्यासाठी याचा उपयोग असा की त्याने खरंच शाळेच्या ग्रुपवर टाकलं तर शाळेला त्याच दिवशी लेखी कळवा की ठेवणारा आणि फिरवणारा प्रत्येक जण कलम १५ मध्ये येऊ शकतो. पालकांच्या ग्रुपवर हे एकदा गेलं की फोन पटापट साफ होतात.

आता जायचं कसं. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला आणि मुलांच्या विभागात तक्रार टाका, तिथे निनावीचा पर्याय आहे पण तुम्ही नाव देऊनच टाका, कारण निनावी तक्रारीचा पुढे माग काढता येत नाही. त्याच्यावर थांबू नका, तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात जा किंवा तुमच्या विभागाच्या सायबर पोलीस ठाण्यात. हद्दीचं कारण कोणी सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये कुठल्याही ठाण्यात एफआयआर घेता येतो, हे सौम्यपणे सांगा. नुसता अर्ज घेऊन ‘बघतो’ म्हणाले तर पोक्सोच्या कलम २१ मध्ये गुन्हा नोंदवून न घेणाऱ्यालाही शिक्षा आहे, आणि वर डीसीपींकडे, म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे, लेखी जाता येतं, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. सोबत मुलीच्या वयाचा पुरावा न्या, शाळेचं प्रमाणपत्र किंवा महापालिकेचा जन्मदाखला, कारण पोक्सोत वय हा पायाच आहे आणि कागद पहिल्या दिवशी दिला की नंतर त्यावर वाद कमी होतो. घटनाक्रम एका कागदावर तारखांसकट लिहून न्या. पहिल्या फेरीला मुलीला न्यायची गरज नाही, तुम्ही आणि मिस्टर जा, तिचा जबाब घरी घ्या अशी विनंती त्याच वेळी लिहून द्या.

एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका आणि तिथेच वाचा. पोक्सोचं १२ आणि १४, आयटीचं ६७ ब आणि खंडणीचं ३०८ आहे का बघा. एखादं राहिलं असेल तर विचारा, पुरवणी जबाब घेऊन नंतरही वाढवता येतं. खासगी वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. काय झालं ते इथे जरूर लिहा, फक्त मुलीचं नाव, शाळा, पोलीस ठाणं काही लिहू नका, आणि प्रश्नात तुम्ही इमारतीचं नाव टाकलंय ते आत्ताच एडिट करून काढा.